मार्खा खोऱ्याचा ट्रेक: आखणी पायांची नाही, उंचीची करा

सह्याद्रीत दहा-पंधरा वर्षं फिरलेल्या माणसाच्या हातात मार्खा खोऱ्याचा नकाशा दिला की तो आधी अंतर मोजतो. चिलिंग ते शांग सुमदो, साधारण साठ-सत्तर किलोमीटर. मग म्हणतो, "चार दिवसांत होईल की!" पायांच्या हिशेबाने ते खरंच होतं. पण लडाखमध्ये हिशेब पायांचा नसतो, फुप्फुसांचा असतो. शिवाय हे खोरं रिकामं नाही. तिथे सातूची शेतं आहेत, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ आहेत, पाहुण्यांसाठी चूल पेटवणाऱ्या आमा-ले, म्हणजे आई-आज्या आहेत. घाईत गेलं तर शरीर त्रास देतं आणि माणसं दिसतच नाहीत. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला असा: जेवढे दिवस लागतील असं वाटतं, त्यात दोन वाढवा. खालची सगळी आखणी हे दोन दिवस धरूनच केली आहे.

खोरं नेमकं कुठे आहे

लेहच्या दक्षिणेला, सिंधूच्या पलीकडे, स्तोक पर्वतरांग आणि झंस्कार रांगेच्या मध्ये मार्खा नदी वाहते आणि पुढे झंस्कार नदीला मिळते. जवळपास सगळी वाट हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जाते. १९८१ मध्ये स्थापन झालेलं हे उद्यान हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात तो दिसण्याची आशा धरू नका, पण समोरच्या कड्यावर भरल, म्हणजे निळसर करड्या रंगाच्या रानमेंढ्या, बहुधा दिसतात. गिधाडांमधला दाढीवाला लॅमरगायरही डोक्यावर घिरट्या घालताना दिसू शकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आपल्याकडून ही चूक हमखास होते. इथली लिपी तिबेटी, धर्म तिबेटी परंपरेचा बौद्ध, भाषाही त्याच कुळातली. तरी ही माणसं स्वतःला लडाखी म्हणवतात. १८३४ मध्ये जोरावर सिंगच्या डोगरा फौजा येईपर्यंत लडाख हे स्वतःचा राजा असलेलं राज्य होतं. लेहमध्ये तिबेटी निर्वासितांची वस्ती वेगळी आहे. तेव्हा घरातल्या आजोबांना "तुम्ही तिबेटी का?" असं विचारू नका.

कधी जायचं

आपल्या दोन मोठ्या सुट्ट्या इथे उपयोगाच्या नाहीत. मे महिन्यात कोंगमारू ला या खिंडीवर बर्फ असतो. दिवाळीपर्यंत खिंडीखालच्या निमालिंग कुरणातला तंबूतळ उठलेला असतो आणि थंडी जीवघेणी झालेली असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ खरा.

त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळल्याने ओढ्यांना पाणी जास्त असतं. लडाख पर्जन्यछायेत आहे, म्हणून तिथे पाऊसच नाही असं समजू नका. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने लेह आणि आसपासच्या गावांत शेकडो बळी घेतले. उघड्या, माती सुटलेल्या डोंगरांवर थोडा पाऊसही चिखलाचे लोंढे खाली आणतो. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांना. पाणी उतरलेलं असतं, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं आणि खालच्या गावांत सातूची कापणी-मळणी चालू असते. गणपती लवकर असतील त्या वर्षी विसर्जन आटोपून निघायला हा काळ उत्तम. हेमिस मठातला मुखवट्यांच्या नाचाचा उत्सव पाहायचा असेल तर मात्र जून-जुलैकडे वळावं लागेल. गुरू पद्मसंभवांच्या जन्मदिनाचा हा उत्सव तिबेटी पंचांगाप्रमाणे येतो, त्यामुळे तारखा दरवर्षी बदलतात. त्या बघूनच तिकिटं काढा.

लेहमधले तीन दिवस

मुंबईच्या समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस विमानाने त्याच दिवशी साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये पोचतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे लेह शहर त्याच्या दुपटीहून उंच. हवेचा दाब घरच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ व्यायामाने विकत घेता येत नाही. रोज सिंहगड चढणारा तरुण लेहमध्ये डोकं धरून बसलेला आणि त्याची साठीतली मावशी मजेत चहा पीत असलेली, हे दृश्य मी पाहिलं आहे. दमसास वेगळा आणि उंची मानवणं वेगळं.

पहिला दिवस झोपून काढा. बाजारातही जाऊ नका. पाणी प्या, हलकं खा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेहच्या राजवाड्याकडे सावकाश चढा. सतराव्या शतकातली नऊ मजली इमारत आहे, चढ छोटा असला तरी श्वास कसा चालतो ते कळतं. तिसऱ्या दिवशी गाडीने थिकसे, हेमिसचे मठ पाहून या आणि रात्री पुन्हा लेहमध्येच झोपा. चौथ्या सकाळी डोकं दुखत नसेल, भूक लागत असेल आणि जिना चढल्यावर श्वास लवकर पूर्ववत होत असेल, तरच निघा.

रस्त्याने येणाऱ्यांनी श्रीनगर-कारगिल मार्ग घ्यावा, तो उंची हळूहळू देतो. मनालीचा रस्ता अटल बोगद्यामुळे सोपा झाला असला तरी वाटेत तंगलंग ला ही पाच हजार मीटरच्या वरची खिंड आहे. पहिल्याच खेपेला तिथून येणं मला पसंत नाही.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या ॲसिटाझोलामाइड या गोळीबद्दल सगळेच विचारतात. प्रौढांसाठी तिची सर्वसाधारण प्रतिबंधक मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. ती सल्फा गटाशी संबंधित असल्यामुळे त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी विशेषकरून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण तिच्या भरवशावर दिवस कापू नयेत.

कागद, पैसे, फोन

भारतीय नागरिकाला या वाटेसाठी इनर लाइन परवाना, म्हणजे सीमेजवळच्या भागांत जायचा परवाना, लागत नाही. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि लडाख प्रशासनाचं पर्यावरण शुल्क भरावं लागतं. दोन्हींचे चालू दर लेहमध्ये पोचल्यावर विचारून घ्या आणि पावत्या जवळ ठेवा. आधार कार्डाच्या दोन-तीन छायाप्रती सॅकमध्ये असू द्या.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. खोऱ्यात शिरल्यावर तेही धरून चालू नका. घरच्यांना "सहा दिवस फोन लागणार नाही, अमुक तारखेला संध्याकाळी लेहहून करीन" असं आधीच सांगून ठेवा. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी खास सूचना: तिकडे सर्रास वापरला जाणारा उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर लोकांना त्यासाठी ताब्यात घेतलं गेलं आहे. ते घरीच ठेवा.

लेह सोडलं की एटीएम नाही. घोडेवाला, घरं, तंबूतळ, चहा, सगळं रोखीत. शंभर-दोनशेच्या नोटा भरपूर घ्या. पाचशेची मोड गावात मिळेलच असं नाही. मी आखणी करताना राहण्या-जेवण्यासाठी दर माणशी दर रात्री दोन हजार रुपये धरतो आणि वर एका घोड्याचे पूर्ण प्रवासाचे पैसे राखीव ठेवतो. सामानासाठी घोडा केला नाही, तरी कुणी आजारी पडलं तर तोच उपयोगी येतो.

घरात राहायचं की तंबूत

घरात. मला यात शंकाच नाही. खोऱ्यातल्या जवळपास प्रत्येक गावात होमस्टे आहेत. बऱ्याच गावांत पाहुणे पाळीपाळीने वेगवेगळ्या घरांत पाठवतात, म्हणजे कमाई सगळ्यांना मिळते. त्यामुळे "ते घर चांगलं दिसतंय, तिकडे द्या" असा हट्ट धरू नका. एका रात्रीच्या पैशांत खोली, गाद्या-रजया, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुपारसाठी बांधून दिलेला डबा येतो. तंबू, स्टोव्ह, शिधा काही वाहावं लागत नाही.

घरात शिरताना "जुले" म्हणा. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्यालाच हा एक शब्द चालतो. आपल्या "जी"सारखं लडाखीत नावापुढे "ले" लावतात: आई-आजीच्या वयाच्या बाईला आमा-ले, वडीलधाऱ्या पुरुषाला आबा-ले. मोठ्या भावासारख्याला आचो, बहिणीसारखीला आचे.

घराचं काळीज म्हणजे स्वयंपाकघर. मधोमध नक्षीची चूल, भिंतभर तांब्या-पितळेची भांडी, कडेने बैठक आणि पुढ्यात बुटकी चौरंगासारखी मेजं. चुलीजवळची जागा वडीलधाऱ्यांची. सांगितल्याशिवाय तिथे बसू नका. चुलीत कचरा, कागद, बिस्किटाचं वेष्टन टाकू नका. चूल ही त्यांच्यासाठी देवाची जागा आहे, जशी आपल्या आजीसाठी होती. पाय चुलीकडे किंवा माणसांकडे करून बसू नका, कुणाच्या ताटावरून ओलांडून जाऊ नका. हे सांगावं तरी का लागतं, असं मराठी घरातल्या माणसाला वाटेल. तिथे गेल्यावर जाणवतं की आपले नियम फार वेगळे नाहीत.

मीठ-लोण्याचा चहा येईल. त्याला चहा समजून प्यालात तर तोंड वाकडं होईल, पातळ सूप समजून प्या. कप रिकामा झाला की भरतात. नको असेल तर भरलेलाच ठेवा आणि निघताना संपवा. जेवणात थुक्पा हे शेवयांचं सूप, कधी स्क्यू, म्हणजे कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाज्यांबरोबर शिजवलेले. आपल्या वरणफळांचीच आठवण होते. सकाळी खांबीर नावाची जाड रोटी. शाकाहारी लोकांना अडचण येत नाही, फक्त पोचल्याबरोबर सांगा. मी सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू नेतो. उंचीवर भूक मरते तेव्हा भात-मेतकूट पोटात जातं, आणि लाडू आमा-लेंच्या घरातही आवडीने खाल्ले जातात.

आता थोडं नाजूक, पण महत्त्वाचं. लडाखी संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. झाल्यावर माती टाकायची. खाली तयार होणारं खत वसंतात शेतात जातं, म्हणून त्यात ओले रुमाल, सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक काहीही टाकू नका. ते पिशवीत बांधून लेहला परत आणा. आपल्याला पाणी लागतंच, पण बादलीभर ओतू नका, खत सडतं. थोडक्यात भागवा. हात धुणं वगैरे बाहेर, पाटापासून दूर करा. त्याच पाटाचं पाणी खालच्या घरात पितात.

वाट, दिवसागणिक

चौथ्या दिवशी लेहहून गाडीने निघा. निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम लागतो. तिथून झंस्कारच्या काठाने चिलिंग. हे गाव तांब्या-पितळेच्या कारागिरांचं. बुद्धमूर्ती घडवायला नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे हे वंशज, असं परंपरा सांगते. तुम्ही ज्या किटलीतला चहा प्याल ती कदाचित इथेच घडली असेल. पूर्वी इथे झंस्कार नदी तारेवरच्या पाळण्यातून ओलांडावी लागे, आता पूल आहे. मोटाररस्ता खोऱ्यात पुढेपुढे सरकतो आहे. गाडी कुठवर जाते ते लेहमध्ये विचारा, पण ती जाते म्हणून शेवटपर्यंत बसून राहू नका. स्क्यू याच नावाच्या गावी उतरून मुक्काम करा. स्क्यू लेहपेक्षा किंचित खालीच आहे, तिथली झोप शरीराला फायद्याची.

स्क्यू ते मार्खा हा सगळ्यात लांब दिवस, वीस किलोमीटरच्या आसपास. चढ जाणवत नाही, पण ऊन जाणवतं. दोन्ही बाजूंना जांभळे, हिरवट, विटकरी कडे आणि नदीकाठी सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, सप्टेंबरात नारिंगी फळांनी लगडलेली. थकवा वाटला तर सारा या छोट्या वस्तीवर थांबा. वाढवलेल्या दोन दिवसांपैकी एक इथे खर्च झाला तरी चालेल.

वाटेवर मणीभिंती लागतात: "ओं मणि पद्मे हुं" कोरलेल्या दगडांच्या लांब रांगा. त्या आणि चोर्तेन, म्हणजे स्तूप, नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं, प्रदक्षिणेसारखं. त्यावर बसू नका, सॅक टेकवू नका, आणि एकही कोरीव दगड उचलून आणू नका.

नदी-ओढे ओलांडण्याची वेळ सकाळची. रात्री थंडीने बर्फ वितळणं थांबतं, त्यामुळे पहाटे पाणी कमी असतं आणि दुपारनंतर चढतं. पूल कुठे शाबूत आहे ते आदल्या रात्री घरात विचारा. अनवाणी उतरू नका, पट्ट्याच्या सँडल घाला. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवा. मांडीच्या वर पाणी असेल तर थांबा आणि दुसऱ्या सकाळची वाट बघा.

मार्खा हे खोऱ्यातलं मोठं गाव. वर पडका किल्ला, शेजारी गोम्पा. गोम्पाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला शोधावं लागतं. कधी तो शेतात असतो, तेव्हा थांबायची तयारी ठेवा. आत फ्लॅश मारून फोटो नको, आणि दानपेटीत काही ठेवायला विसरू नका. मार्खाहून हांकारपर्यंतच्या दिवसात सुळक्यावर चिकटवल्यासारखा तेचा गोम्पा दिसतो. दम असेल तर वर जा. नसेल तर खालून बघा, तेही पुरेसं सुंदर आहे. हांकारला पोचलात की उंची चार हजार मीटरच्या आसपास झाली.

हांकारला घ्यायचा निर्णय

ही सबंध लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा. पुढचा मुक्काम निमालिंग, साधारण पावणेपाच हजार मीटर. म्हणजे एका दिवसात साडेसातशे मीटर, आणि तिथेच झोपायचं. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहण-वैद्यकाचा संकेत आहे. शिवाय निमालिंगची भौगोलिक अडचण अशी की तिथे रात्री कुणी बिघडलं तर गाडीकडे जायचा जवळचा रस्ता आणखी चारपाचशे मीटर वर, खिंडीवरून जातो. खाली उतरायचं तर परत हांकारकडेच यावं लागतं. हेलिकॉप्टर येईल असं गृहीत धरू नका.

म्हणून दुसरा वाढीव दिवस इथे वापरा. हांकारहून दोन-तीन तास चालून थाचुंगत्सेला थांबा, साधारण ४,२०० मीटरवर. हंगामात तिथे पॅराशूटच्या कापडाचे चहाचे तंबू असतात. रात्रीच्या मुक्कामाची सोय हांकारलाच विचारून पक्की करा. ती नसेल तर हांकारलाच आणखी एक रात्र काढा, दिवसा थाचुंगत्सेपर्यंत चढून परत या. डोकेदुखीबरोबर मळमळ, भोवळ किंवा अतीव थकवा असेल तर वर जायचं नाही. एका दिवसात बरं वाटलं तर पुढे, नाहीतर आल्या वाटेने परत. बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता न येणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट न बघता, त्याच क्षणी, माणूस सोबत देऊन खाली. बोटाला लावायच्या ऑक्सिजनमापकावरचा आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नका. गटात हा निर्णय कोण घेणार ते मुंबई-पुण्यात असतानाच ठरवा, आणि त्याचा शब्द शेवटचा माना.

निमालिंग आणि खिंड

निमालिंग हे गाव नाही, उन्हाळी कुरण आहे. खालच्या गावांतली माणसं याक, मेंढ्या-बकऱ्या घेऊन येतात आणि दगडी गोठ्यांत राहतात. संध्याकाळी कळप उतरताना घंटांचा नाद भरून राहतो आणि समोर कांग यात्सेचं ६,४०० मीटरचं हिमशिखर तांबूस होतं. ट्रेकर इथल्या तंबूतळात राहतात. पांघरुणं मिळतात, पण सप्टेंबरमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो. स्लीपिंग बॅग, पिसांचं जाकीट, लोकरी टोपी आणि जाड मोजे फक्त या एका रात्रीसाठी सबंध वाट वाहून न्यायचे आणि त्याची तक्रार करायची नाही. बाकी सामानात चष्मा आणि उन्हाचं मलम यांत काटकसर नको. बूट मात्र किमान तीन-चार किल्ले चढून पायात मुरलेले हवेत.

पहाटे पाच-साडेपाचला निघा. चढ अडीच-तीन तासांचा, अंगावर येणारा नाही. कोंगमारू ला ५,२०० मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडा जास्त. वीस पावलं चाला, दोन श्वास घ्या, पुन्हा वीस पावलं. माथ्यावर लुंगता फडफडत असतात, वाऱ्यावर प्रार्थना पाठवणाऱ्या रंगीत पताका. लडाखी माणूस इथे "की की सो सो ल्हा ग्यालो" असं ओरडतो, देवांचा विजय असो. तुम्हीही ओरडा.

फार वेळ रेंगाळू नका, कारण उतार कठीण आहे. चोगदोकडे जाणारी वाट अरुंद घळीत शिरते आणि तोच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. पाऊस पडत असेल किंवा रात्री पडला असेल तर या घळीत शिरू नका, निमालिंगलाच थांबा. गुडघ्यांसाठी दोन काठ्या इथे खऱ्या उपयोगी पडतात. दुपारपर्यंत चोगदो किंवा शांग सुमदोला पोचलात की गाडी मिळते. ती लेहमधूनच ठरवून ठेवा, आणि चालकाला सांगा की आम्ही एक दिवस उशिरा येऊ शकतो.

परतीचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नको. वाऱ्या-ढगांमुळे लेहची उड्डाणं रद्द होतात, आणि घळीत पाणी असेल तर तुम्हीच उशिरा पोचाल. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. सगळं वेळेवर झालं तर त्या दिवशी कचऱ्याची पिशवी लेहमध्ये नीट ठिकाणी टाका, गरम पाण्याने आंघोळ करा, आणि ज्या घरांत राहिलात तिथले काढलेले फोटो छापून घ्या. खोऱ्यात जाणाऱ्या एखाद्या घोडेवाल्याच्या हाती ते दिले की आठवड्याभरात आमा-लेंच्या भिंतीवर लागतात.